प्रवासावांचून भेटी

१८३० सालच्या मार्च महिन्याच्या २० तारखेस ‘ह्यू लिंडसे’ नांवाची एक लहानशी आगबोट मुंबई बंदरांतून सुवेझच्या रोखानें निघाली. बोट मुंबईच्याच गोदींत बांधलेली होती. वाटेंत कोळसा पुरेल कीं नाहीं याची शाश्वति नसल्यामुळें तो इतका ठासून भरला होता कीं, बोट नेहमींपेक्षां बरीच खोल बुडाली होती. एडन, जेद्दा असे थांबे घेत ती २२ एप्रिल रोजीं सुवेझला पोहोंचली. महिन्याहून थोडे अधिक दिवस लागले. आज हें ऐकून हंसूं येईल. पण त्या वेळच्या मुंबईच्या पेढ्यांना तो चमत्कारच वाटला असला पाहिजे. कारण आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाला वळसा घालून शिडाच्या जहाजानें विलायतेस जाणाऱ्या पत्राला चार ते सहा महिने लागत. कापूस काय भावानें घ्यावयाचा, असा प्रश्न संक्रांतीला विचारला तर त्याचें उत्तर दिवाळीपर्यंत हातीं आलें म्हणजे नशीब समजावयाचें.

अशा काळीं केवळ चार गोष्टी बोलून येण्यासाठीं परमुलखाचा प्रवास करणारा व्यापारी क्वचितच आढळे. जो जाई तो वर्षांनुवर्षें तेथेंच राहण्यासाठीं जाई. धंदा चाले तो अडत्यांच्या, मुनिमांच्या आणि हुंडीच्या जोरावर. सुरतेच्या सावकारानें लिहिलेली हुंडी बनारसेस पटे, आणि त्या दोन पेढ्यांच्या मालकांनीं जन्मांत एकमेकांचें तोंड पाहिलेलें नसे. राजकारणाचीहि रीत हीच होती. पुणें दरबारचे वकील म्हणून हिंगणे मंडळी दिल्लीस राहिली, आणि त्यांच्या पत्रांतून बादशाही राजकारणाचे धागे पुण्यास कळत राहिले. पेशव्यांनीं प्रत्येक बोलण्यासाठीं यमुनेपर्यंत घोडा दामटला असता तर त्यांच्या हातून दुसरें कांहीं कामच झालें नसतें. म्हणजे प्रवासावांचून कामें उरकण्याची युक्ति अलीकडची नव्हे. ती जुन्या जगाची नित्याचीच रीत होती. फक्त तिचा आधार यंत्र हा नसून विश्वास हा होता.

हें ध्यानांत ठेवण्याचें कारण असें कीं, गेल्या कांहीं वर्षांत ऑनलाइन बैठकांचा जो सुकाळ झाला त्याबद्दल बोलतांना एक गोष्ट गृहीत धरली जाते. आतां पडद्यावर मनुष्य दिसतो, त्याचा आवाज ऐकूं येतो, मग त्यानें विमानांत बसून यावयाचें कशाला? पैसे वांचले, वेळ वांचला, हवेंत सोडला जाणारा कर्बवायु वांचला. हिशेब सरळ दिसतो. पण इतिहासांत हाच हिशेब पूर्वीं निदान चार वेळां मांडला गेला आहे, आणि चारही वेळां त्याचें उत्तर वेगळें निघालें आहे.

पहिली वेळ तारायंत्राची. डॉक्टर ओशॉघनेसी यानें १८३९ सालीं कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले. पुढें लॉर्ड डलहौसीच्या आश्रयानें १८५४ मध्यें कलकत्ता, आग्रा व मुंबई हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं, आणि १८५५ च्या फेब्रुवारीपासून सामान्य जनतेलाहि तार करतां येऊं लागली. तरी समुद्रापलीकडची बातमी बोटीनेंच येई. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. त्या तेजीचा नायक प्रेमचंद रायचंद. विलायतेची डाक घेऊन येणारी आगबोट बंदरांत लागण्यापूर्वींच तो आपल्या होड्या समुद्रांत पाठवून लिव्हरपूलचे भाव आधीं काढून घेई, असें सांगतात. बातमी चार घटका आधीं मिळाली तर लाखोंचा फायदा, उशिरां मिळाली तर दिवाळें, असा तो मामला होता. १८६५ च्या एप्रिलांत जनरल ली शरण गेल्याची वार्ता आली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै हा वायद्याच्या सौद्यांचा दिवस उजाडला तेव्हां मुंबईंतील कित्येक मोठमोठीं घराणीं धुळीस मिळालीं.

त्याच सुमारास इराणच्या आखातांतून घातलेली तार तुर्कस्तानच्या तारेला मिळाली, पण त्या मार्गानें येणाऱ्या संदेशांस कित्येक दिवस लागत, आणि वाटेंतील तारमास्तरांच्या हातून इंग्रजी शब्दांची अशी कांहीं मोडतोड होई कीं वाचणाऱ्यानें कपाळाला हात लावावा. खरा पालट झाला तो १८७० सालीं. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजानें मुंबईपासून एडनकडे समुद्राच्या तळाशीं तार अंथरली आणि त्या वर्षाच्या जून महिन्यांत मुंबई व लंडन यांचें समुद्री तारेनें संधान जुळलें. महिन्यांची गोष्ट घटकांवर आली.

आतां तर्काप्रमाणें व्हावयास पाहिजे होतें काय? भाव समजला, हुकूम गेला, पैसे पोहोंचले. मग माणसांनीं समुद्र ओलांडण्याचें प्रयोजन कमी व्हावयास हवें होतें. झालें उलट. सुवेझचा कालवा १८६९ च्या नोव्हेंबरांत खुला झाला होता आणि मुंबईहून जबलपूरमार्गें कलकत्त्यापर्यंत अखंड आगगाडी १८७० च्या मार्चांत सुरू झाली. एकाच वर्षाच्या आंतबाहेर तार, कालवा व लोहमार्ग हीं तिन्ही आलीं, आणि तीं एकमेकांच्या वाटेंत न येतां एकमेकांना पोसूं लागलीं. तार होती म्हणून बोटीचें वेळापत्रक आंखतां आलें. तार होती म्हणून मुंबईच्या पेढीला मँचेस्टरशीं थेट सौदा करतां आला. आणि सौदा वाढला म्हणून माल पाहावयास, गिरणीचीं यंत्रें निवडावयास, भांडण मिटवावयास माणसें जाऊं लागलीं. जो अडत्या पूर्वीं परदेशांत वीस वर्षें राहत असे त्याची गरज कमी झाली. त्याच्याऐवजीं वर्षा-दोन वर्षांनीं ये-जा करणारा भागीदार आला. शब्द तारेवरून गेला आणि त्याच्या मागोमाग मनुष्य बोटीनें गेला.

ज्या १८६५ सालीं मुंबईचा बाजार कोसळला त्याच सालीं विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें कोळशावर एक ग्रंथ लिहिला. त्यानें दाखविलें कीं, वाफेचें यंत्र सुधारून कोळसा कमी लागूं लागला म्हणजे देशांतील कोळशाचा एकूण खप कमी होत नाहीं, वाढतो. कारण वाफ स्वस्त झाली कीं जेथें ती पूर्वीं परवडत नव्हती तेथेंहि यंत्रें उभीं राहतात. हा नियम जेव्हन्सनें कोळशासाठीं सांगितला, पण तो संभाषणालाहि तितकाच लागू पडतो. बोलणें स्वस्त झालें कीं ओळखी वाढतात, आणि ओळखी वाढल्या कीं भेटी वाढतात. ज्या घरांत मुलीला दूर दिलेली असते त्या घराला हें अर्थशास्त्राशिवायहि ठाऊक असतें.

दुसरी वेळ दूरध्वनीची. बेलला त्याचें पेटंट १८७६ त मिळालें आणि अवघ्या सहा वर्षांत, १८८२ सालीं, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें टेलिफोनचीं केंद्रें उघडलीं. येथेंहि तीच अपेक्षा होती कीं, कचेरीकचेरीमधील फेऱ्या संपतील. निरोप्यांच्या फेऱ्या खरोखरच संपल्या. पण अमेरिकेंतील जॉन कार्टी या दूरध्वनीच्या जाणत्या अभियंत्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं एक मार्मिक मुद्दा मांडला होता. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींत प्रत्येक निरोप माणसाच्या हातीं पाठवावा लागला असता तर त्या निरोप्यांना वर-खालीं नेणाऱ्या पाळण्यांनींच सारी जागा अडविली असती, कचेऱ्यांना उरलीच नसती! म्हणजे टेलिफोन नसता तर वीसमजली इमारत नसती. आणि वीसमजली इमारत नसती तर रोज सकाळीं लक्षावधि माणसें एकाच ठिकाणीं गाडीनें येऊन पडलीं नसतीं. ज्या यंत्रानें निरोप्याचे पाय वांचविले त्यानेंच कारकुनाचे पाय दमविले. मुंबईच्या कोटांत सकाळीं लोकलगाडीनें येणाऱ्या माणसांना याची अधिक फोड करून सांगण्याची जरूरी नाहीं.

१९३३ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें बिनतारी दूरध्वनि सुरू झाला. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९३२ च्या ऑक्टोबरच्या १५ तारखेस, जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून जुहूस टपालाचें विमान आणलें होतें. आणि १९४८ च्या जूनमध्यें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान कैरो व जिनीव्हामार्गें मुंबईहून लंडनला गेलें. १९६० पासून जेट विमानें आलीं. आवाज आणि विमान हीं दोन्ही अशीं हातांत हात घालून मोठीं झालीं.

तिसऱ्या वेळीं आवाजास रूपाची जोड मिळाली. मनुष्य दिसला म्हणजे भेट पुरी झाली, ही कल्पना यंत्राच्याहि आधीं कादंबरीकारांना सुचली होती. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकानें १९०९ सालीं ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा लिहिली; तींतील माणसें जमिनीखालीं एकेका खोलींत राहतात आणि चकाकणाऱ्या तबकडीवर एकमेकांस पाहून बोलतात. प्रत्यक्ष प्रयोग १९२७ त झाला. अमेरिकेचा त्या वेळचा वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर वॉशिंग्टनमध्यें बोलला आणि न्यूयॉर्कच्या लोकांनीं त्याचें हलतें चित्र पाहिलें. १९३६ मध्यें जर्मन डाकखात्यानें बर्लिन व लाइपझिग यांच्यामध्यें पाहण्या-बोलण्याची सोय जनतेला करून दिली. महायुद्धांत ती बंद पडली. १९६४ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनांत अमेरिकन टेलिफोन कंपनीनें ‘पिक्चरफोन’ मांडला. त्याच वर्षीं आर्थर क्लार्क या लेखकानें बी.बी.सी.च्या कार्यक्रमांत भविष्य वर्तविलें कीं, यापुढें कामासाठीं प्रवास करावाच लागणार नाहीं. प्रवास राहील तो मौजेपुरता.

पिक्चरफोनची गत मात्र केविलवाणी झाली. न्यूयॉर्क, शिकागो व वॉशिंग्टन येथें त्याच्या खोल्या उघडल्या. तीन मिनिटांना १६ ते २७ डॉलर पडत. लोक प्रदर्शनांत कौतुकानें पाहून आले, पण पदरचे पैसे देऊन कोणी बोलावयास जाईना. १९७० सालीं पिट्सबर्ग येथें कचेऱ्यांतून तें यंत्र बसविण्यास सुरुवात झाली तेव्हां महिन्याचें भाडें १६० डॉलर होतें. ज्याच्याशीं बोलावयाचें त्याच्याजवळहि तें यंत्र पाहिजे, ही मुख्य अडचण. एका गांवांत एकच टेलिफोन असेल तर त्याचा मालक बोलणार कोणाशीं? १९७१ मध्यें ब्रिटिश डाकखात्यानें निराळी वाट धरली: लंडन, मँचेस्टर, ग्लासगो, बर्मिंगहॅम व ब्रिस्टल येथें खास खोल्या बांधल्या आणि व्यापारी मंडळींना सांगितलें कीं, तुम्ही आपल्या शहरांतील खोलींत या व दुसऱ्या शहरांतील मंडळींशीं समोरासमोर बसल्यासारखे बोला. पण प्रवास टाळण्याच्या त्या खोलीपर्यंतहि प्रवास करावाच लागे.

चौथ्या वेळेस मात्र पैशाचा आणि इंधनाचा प्रश्न प्रथमच ठळकपणें पुढें आला. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाची नाकेबंदी केली आणि थोड्याच महिन्यांत तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. त्या सुमारास जॅक निलेस या अमेरिकन संशोधकानें लॉस एंजेलिसच्या एका विमा कंपनीचा अभ्यास केला. कारकुनांनीं शहराच्या मध्यभागीं येण्याऐवजीं आपल्या घराजवळच्या शाखेंत बसून तारेनें काम पाठविलें तर किती पेट्रोल वांचेल, याचें गणित त्यानें मांडलें आणि १९७६ त तें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. प्रवासाच्या जागीं संभाषण ठेवतां येईल काय, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणें पूर्वीं कोणी विचारला नव्हता. त्याच वर्षीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील शॉर्ट, विल्यम्स व ख्रिस्टी यांचें पुस्तकहि निघालें. माणसांना निरनिराळीं कामें देऊन तीं समोरासमोर, केवळ आवाजानें व पडद्यावरून करून पाहण्याचे प्रयोग त्यांच्या मंडळानें केले होते. माहिती देणें-घेणें, ठरलेला प्रश्न सोडविणें, कामाचा अहवाल ऐकणें यांस आवाजसुद्धां पुरतो, असें त्यांना आढळलें. अडचण येते ती वाटाघाटींत आणि नवख्या माणसाची पारख करण्यांत. पुढील साऱ्या चर्चेंत यापेक्षां शहाणपणाची गोष्ट फारशी कोणी सांगितली नाहीं, आणि ती सांगून झाल्यावर पन्नास वर्षें कोणी फारशी मनावरहि घेतली नाहीं. तेल पुन्हा स्वस्त झालें आणि विमानें पुन्हा भरूं लागलीं.

भारतांत याचें मोठें नवलाचें उदाहरण घडलें. १९८५ सालीं टेक्सास इन्स्ट्रूमेंट्स या अमेरिकन कंपनीनें बंगलोर येथें उपग्रहाशीं बोलणारी तबकडी बसवून संगणकाच्या आज्ञावली समुद्रापार पाठविण्यास आरंभ केला. पुढें हा धंदा बंगलोर, हैदराबाद, पुणें असा फैलावला. या धंद्याचा माल कधींच पेटींत भरावा लागत नाहीं. त्याला गोदी लागत नाहीं, हमाल लागत नाहीं. तो सबंध तारेवरून जातो. जगांत प्रवासाची गरज नसलेला धंदा शोधावयाचा तर याच्यापेक्षां चांगला सांपडणार नाहीं. आणि तरीहि परदेशाचीं तिकिटें व व्हिसा यांकरितां सर्वांत मोठी रांग लावली ती याच धंद्यांतील तरुणांनीं. पुण्याच्या सदाशिव पेठेंतील आजींना सॅन होजे आणि न्यू जर्सी हीं नांवें तोंडपाठ झालीं तीं याच काळांत.

तरी मधल्या काळांत एक दार हळूच उघडलें होतें, आणि तें महाराष्ट्रांतील एका खटल्यानें. एका रुग्णाच्या उपचारांबाबतच्या या फौजदारी खटल्यांत न्यूयॉर्कच्या एका तज्ज्ञ डॉक्टराची साक्ष हवी होती. साक्ष देण्यास त्याची तयारी होती, पण मुंबईस येण्यास नव्हती. खालच्या कोर्टानें पडद्यावरून साक्ष घेण्यास परवानगी दिली. उच्च न्यायालयानें ती रद्द केली. कारण आरोपीच्या ‘उपस्थितींत’ साक्ष झाली पाहिजे असें कायदा म्हणत होता. २००३ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, उपस्थिति म्हणजे शरीरानें एकाच खोलींत असणें असें नव्हे; पडद्यावर साक्षीदार दिसतो, ऐकूं येतो, त्याची उलटतपासणी करतां येते, त्याच्या चेहऱ्यावरील भाव टिपतां येतात. उपस्थिति या साध्या शब्दाचा अर्थच त्या दिवशीं रुंदावला. तारेपासून पिक्चरफोनपर्यंतच्या यंत्रांना जें साधलें नव्हतें तें एका न्यायनिर्णयानें साधलें: पडद्यावरची भेट ही दुय्यम भेट नव्हे, असें कायद्यानें मान्य केलें.

पण रूढि मोडली ती निर्णयानें नव्हे, रोगानें. २०२० च्या मार्चांत कोरोनाच्या साथीमुळें जग जागच्या जागीं थबकलें. २५ मार्चपासून दोन महिने भारतांतील अंतर्गत प्रवासी विमानें जमिनीवर उभीं राहिलीं. सर्वोच्च न्यायालयानें २३ मार्चपासूनच पडद्यावर सुनावण्या घेण्यास आरंभ केला. झूम या एकाच कंपनीच्या बैठकांत डिसेंबर २०१९ मध्यें दिवसाला १ कोटि माणसें भाग घेत. मार्च २०२० त ती संख्या २० कोटींवर आणि एप्रिलांत ३० कोटींवर गेली. जगांतील विमानप्रवासी २०१९ सालीं सुमारे ४५० कोटि होते, ते २०२० त १८० कोटि राहिले. विमानांतून हवेंत जाणारा कार्बन डायऑक्साइड वायु १०० कोटि टनांच्या सुमारास होता, तो ६० कोटि टनांच्या आसपास आला. बोलणें वाढलें आणि प्रवास घटला, असें तारायंत्राच्या शोधापासून जगांत प्रथमच घडलें. तेंहि बोलण्यामुळें नव्हे, सक्तीमुळें.

या वायूचें गणित थोडें खोलांत जाऊन पाहण्यासारखें आहे. विमानाचें इंधन म्हणजे एक प्रकारचें रॉकेलच. एक किलो रॉकेल जळलें म्हणजे तीन किलोंहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका किलोचे तीन किलो कसे, असें विद्यार्थी हटकून विचारतात. उत्तर असें कीं, रॉकेलांतील कर्बाशीं हवेंतला प्राणवायु संयोग पावतो आणि वजन त्याचें वाढतें. मुंबईहून लंडनला जाऊन परत येणाऱ्या साध्या वर्गाच्या प्रवाशाच्या वांट्याला हा वायु सुमारे एक टन येतो. ऐसपैस खुर्चीच्या वरच्या वर्गांत बसलें तर दोन-तीन पट, कारण त्याच जागेंत तितकीं माणसें मावलीं असतीं. उलट पडद्यावरील तासाभराच्या बैठकीला, सर्वांत चढा अंदाज धरला तरी, माणसामागें एक किलोच्या आंतच वायु लागतो. एका लंडनफेरीच्या बदल्यांत हजार तास बोलतां येईल. रोज आठ तास बोललें तरी सव्वाशे दिवस; आणि इतकें बोलून घेण्यासारखें काम असलेला व्यापारी अद्यापि जन्मावयाचा आहे.

२०१९ च्या डिसेंबरांत भूगोल व हवामान यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांचें अमेरिकन भूभौतिक संघाचें अधिवेशन सॅन फ्रान्सिस्को येथें भरलें. त्याला सुमारे २८,००० माणसें आलीं, आणि त्यांच्या येण्या-जाण्यानें सुमारे ८०,००० टन वायु हवेंत गेला, म्हणजे माणशीं जवळजवळ तीन टन. पृथ्वी तापते आहे हें जगाला बजावून सांगणाऱ्या मंडळींनींच तो जमाखर्च पुढें ‘नेचर’ या नियतकालिकांत मांडला. दुसऱ्याच्या घरांतील दिवा विझवावयास सांगण्यापूर्वीं आपल्या घरांतील वात पाहण्याची ही वृत्ति दुर्मिळ आहे, आणि ती शास्त्रज्ञांना भूषणावह आहे. दुसऱ्या एका अभ्यासांत असें निघालें कीं, जगांतील प्रवासी विमानांचा निम्मा वायु एकूण लोकसंख्येच्या अवघ्या एका टक्क्यामुळें सुटतो. वारंवार विमानांत बसणारे ते हेच. म्हणून येथें काटकसर करावयाची ती गांवाकडे वर्षांतून एकदां जाणाऱ्या कुटुंबानें नव्हे.

पैशाच्या काटकसरीचें मात्र इतकें सोपें नाहीं. कंपनीच्या वहींत तिकीट, हॉटेल, भत्ता, व्हिसा आणि प्रवासांत वायां गेलेले दिवस वांचले, हें खरें. पण वांचलेल्या खर्चाचा कांहीं भाग दुसऱ्याच्या वहींत चढला. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत एक खोली साहेबांच्या बैठकीला गेली; मुलांना गप्प बसविण्याचें काम गृहिणीकडे आलें; विजेचें बिल घरच्यांनीं भरलें. टॅक्सीवाला, हॉटेलांतील वाढपी, विमानतळावरचा हमाल यांची रोजी बुडाली. जमेच्या बाजूलाहि असे कांहीं आले कीं ज्यांची नोंद पूर्वीं कोणी घेतच नसे: लहान मूल सोडून परगांवीं जाऊं न शकणारी प्राध्यापिका, व्हिसा नाकारला गेलेला संशोधक, मुंबईच्या भाड्याचे पैसे नसलेला जिल्ह्याच्या ठिकाणचा वकील. यांच्यासाठीं पडदा हा प्रवासाचा पर्याय नव्हता. कारण त्यांना प्रवास कधीं मिळालाच नव्हता. त्यांच्यासाठीं ती पहिली भेट होती.

२०२० च्या नोव्हेंबरांत बिल गेट्स यांनीं भाकित केलें कीं, धंद्याचा निम्मा प्रवास कायमचा नाहींसा होईल. साथ ओसरल्यावर विमानें हळूहळू भरत गेलीं आणि २०२४ सालीं जगांतील विमानप्रवाशांची एकूण संख्या २०१९ च्याहि पुढें गेली. कंपन्यांच्या अंतर्गत बैठका पुष्कळशा पडद्यावरच राहिल्या. पण गिऱ्हाईक गांठावयाचें, करार करावयाचा, तर मनुष्य पुन्हा पेटी भरून निघूं लागला. त्याला नुसतें हट्टी म्हणतां येणार नाहीं. २०२२ सालीं ‘नेचर’ मध्येंच आलेल्या एका अभ्यासांत पांच देशांतील अभियंत्यांच्या जोड्यांना नव्या कल्पना सुचवावयास सांगितलें होतें. पडद्यावर बसलेल्या जोड्यांना कल्पना कमी सुचल्या. सुचलेल्यांतून चांगली निवडण्यांत मात्र ते कोठेंहि कमी पडले नाहींत. दृष्टि पडद्यावर खिळली म्हणजे मनहि तेवढ्याच चौकटींत राहतें, असें संशोधकांचें म्हणणें. लंडनच्या मंडळाचें १९७६ चें उत्तरच थोड्याफार फरकानें पुन्हा हातीं आलें.

आणखी एका गोष्टीकडे हिशेबनीसांचें लक्ष जात नाहीं. एक अधिकारी विमानांत बसला नाहीं म्हणून विमान उडावयाचें राहत नाहीं. त्याची खुर्ची सवलतीच्या दरानें सहलीला निघालेल्या दुसऱ्या कोणाला मिळते. वायु खरोखर वांचतो तो उड्डाणच रद्द झाल्यावर. आणि उड्डाण रद्द होणें हें केवळ प्रवाशांवर अवलंबून नसतें. युरोपांत असा नियम आहे कीं, मोठ्या विमानतळावर उतरण्याची ठराविक वेळ ज्या कंपनीला दिलेली असते तिनें ती शंभरांतून निदान ऐंशी वेळां वापरली पाहिजे, नाहीं तर ती वेळ हातची जाते. २०२० च्या आरंभीं प्रवासी घरीं बसले असतां केवळ ही हक्काची वेळ राखण्यासाठीं कांहीं कंपन्यांनीं जवळजवळ रिकामीं विमानें उडविलीं. मार्च महिन्यांत तो नियम तहकूब केला तेव्हां कोठें तीं थांबलीं. लक्षावधि लोक पडद्यासमोर बसून इंधन वांचवीत होते आणि एका वेळापत्रकाच्या कलमापायीं तेंच इंधन रिकाम्या खुर्च्यांखालीं जळत होतें.

न्यायालयांची गोष्ट अर्धी राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें आदेश दिला कीं, कोणत्याहि उच्च न्यायालयानें वकील वा पक्षकार यांस पडद्यावरून हजर राहण्याची सोय नाकारूं नये. पश्चिम महाराष्ट्रांतील पक्षकारांसाठीं याचें महत्त्व फार. कारण कोल्हापूर ते मुंबई हें अंतर पावणेचारशें किलोमीटरांच्या घरांत आहे, आणि एका तारखेसाठीं, तीहि पुढें ढकलली जाण्यासाठीं, रात्रभर गाडींत बसून जाणें हें तेथील पिढ्यांच्या अंगवळणीं पडलें होतें. पडद्यावर न्यायमूर्ति दिसूं लागल्यावर तरी कोल्हापुरास स्वतंत्र न्यायपीठ पाहिजे ही चार दशकांहून जुनी मागणी मंदावेल, असें कोणाला वाटलें असेल. ती मंदावली नाहीं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठीं मुंबई उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरांत बसूं लागलें. सोलापूरच्या पक्षकाराला अद्यापिहि गाडी धरावी लागते. पण ती मुंबईची नव्हे, कोल्हापूरची.